विटांनी बुजवलेले दार

नगरपालिकेच्या घरक्रमांक शाखेत तिला समोरासमोर ‘मॅडम’ म्हणत आणि तिची पाठ वळली की ‘फूटपट्टी’. हे दुसरे नाव तिला ठाऊक होते आणि त्यात तिला काही वावगे वाटत नसे. ती होतीच तशी उंच, सडपातळ आणि ताठ. जागेवरून उठली तर खुर्ची टेबलाच्या कडेशी समांतर लावून मगच पुढचे पाऊल टाकणार. पाहणीला जाताना तिच्या खांद्यावरच्या पिशवीत मोजणीची पोलादी टेप, पेन्सिल आणि स्वतःची पाण्याची बाटली असे; कारण ज्या घराचे प्रकरण आपल्यापुढे आहे त्या घरचे पाणीसुद्धा घ्यायचे नाही, असा तिचा दंडक होता. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. तिने तो स्वतःच स्वतःला घालून घेतला होता, आणि म्हणूनच तो मोडण्याची वेळ कधी आली नाही.

राहायला ती धाकट्या भावाकडे असे. तिचे लग्न जमले नाही की तिने जमू दिले नाही, यावर घरात दोन मते होती आणि तिसरे, म्हणजे तिचे स्वतःचे, कोणी विचारले नव्हते. भावजय मोकळ्या तोंडाची होती. “वन्सं, पोळपाट तिरका ठेवलाय मी, आधीच सांगते,” असे म्हणून ती मोठ्याने हसे, आणि ही न हसता पोळपाट सरळ करी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तिच्या हातून एक काम झाले होते, ज्याचा तिला मनातून अभिमान होता. त्या वेळी दोन वॉर्डांच्या सीमेवरची घरे सोयीप्रमाणे इकडची तिकडे होत. जिकडे घरपट्टी कमी तिकडे घर, जिकडे शाळा चांगली तिकडे घर. आणि दलालांची चंगळ. हा घोळ मिटवण्यासाठी समिती नेमली गेली. समितीने चहा घेतला, आणि नियमाचा मसुदा करण्याचे काम कोपऱ्यात बसलेल्या कनिष्ठ लिपिक मुलीकडे सरकवले. तिने लिहिले: ‘घराचे मुख्य दार ज्या वॉर्डात उघडते, ते घर त्या वॉर्डाचे समजावे.’ मग दलालांची जात ओळखून तिने पुढे जोडले: ‘मुख्य दार म्हणजे ज्यातून घरातील माणसांची नित्य ये-जा होते ते दार.’ म्हणजे नुसती चौकट बसवून कुलूप लटकवले की दार झाले, असे होणार नाही. नियम मंजूर झाला, खाली सही दुसऱ्याची झाली, आणि सीमेवरची घरे जागच्या जागी स्थिर झाली.

अशा स्थिर झालेल्या व्यवस्थेत एका सकाळी शिलाईवाली आली.

ती वरच्या रस्त्यावर राहणारी, घरी कपडे शिवणारी बाई होती. नवरा लांब पल्ल्याच्या मालगाडीवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरी सासरा अंथरुणाला खिळलेला. वरच्या रस्त्याखाली नवी जलवाहिनी टाकली होती आणि त्या वॉर्डातल्या प्रत्येक घराला नळ मिळणार होता. शिलाईवालीचा अर्ज मात्र नामंजूर झाला होता. नामंजुरीचा शेरा फूटपट्टीचाच होता: पुढचे दार घरमालकाने बंद केले; मुख्य दार मागच्या गल्लीत उघडते; मागची गल्ली शेजारच्या वॉर्डात; सबब घर या वॉर्डाचे नाही.

“मॅडम, मी तिकडच्या वॉर्डातही जाऊन आले,” शिलाईवाली म्हणाली. “ते म्हणतात, ती गल्ली सफाईची. सफाईच्या गल्लीत मुख्य दार धरताच येत नाही. तुम्ही म्हणता माझं दार तिकडं आहे. ते म्हणतात ते दारच नाही. मग मी रोज घरात शिरते ती कुठून, एवढं सांगा.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसले. फूटपट्टीने नजर वर केली तसे ते हसू फायलीत शिरले.

“मी पाहणीला येते,” ती म्हणाली.

“कधी? पुढच्या आठवड्यात डांबर पडणार म्हणतात. एकदा का डांबर पडलं की पाच वर्षं खोदू देत नाहीत. मामंजींचं सगळं अंथरुणात असतं, मॅडम. दिवसाला किती घागरी लागतात ते मोजायचं मी सोडून दिलं. सार्वजनिक नळावरून आणायचं, आणि माझा हा गुडघा तर बघा.”

“आजच येते.”

वरच्या रस्त्याने ती या आधी अनेकदा गेली होती, पण त्या दिवशी तिने तो पहिल्यांदा बाजूने पाहिला. रस्ता घरांपेक्षा उंच झाला होता. घरे खाली बसल्यासारखी, कमरेपर्यंत जमिनीत रुतल्यासारखी दिसत होती. शिलाईवालीच्या घराच्या दर्शनी भिंतीत एक जुनी लाकडी चौकट होती, नक्षीची, चांगल्या सुताराने केलेली. तिचा खालचा भाग रस्त्याच्या पोटात गेला होता, आणि वरचा भाग विटा रचून बुजवला होता. चौकटीची वरची पट्टी फूटपट्टीच्या खांद्याला लागत होती.

तिने टेप लावली, आकडा पाहिला, आणि तो न लिहिता टेप गुंडाळून ठेवली.

घरात जायला मागे वळसा होता. गल्ली इतकी अरुंद, की समोरून कोणी आले तर एकाने भिंतीला पाठ लावायची. आत शिवणयंत्राशेजारी कापडांचे ढीग होते, आणि कोपऱ्यात खाटेवर म्हातारा पडला होता. तो उमेदीत गवंडी होता. पाय गेले होते. पण आवाज शाबूत होता.

“कोण? नगरपालिका?” त्याने विचारले. “या. उशीर केलात. वीसेक वर्षं.”

“मामंजी,” सून दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम मदतीला आल्यात.”

“मदत! सूनबाई, ह्यांनी मदत केली म्हणून तर ह्या भोकात राहतोय आपण.” मग फूटपट्टीकडे मान वळवून तो म्हणाला, “ते दार मी बांधलं. माझ्या लग्नाच्या आधी. तीन पायऱ्या चढून वर यायचं, असं दार होतं. मग तुमचा रस्ता आला. पहिला थर पडला, एक पायरी गेली. दुसरा पडला, दुसरी गेली. जुनं खरवडायचं नाही, वरून ओतायचं, ठेकेदाराचं काम झालं! एके वर्षी पाऊस आला तो सरळ चुलीपर्यंत. बायको रात्रभर सुपानं पाणी उपसत होती. दुसऱ्या दिवशी मी विटा आणल्या आणि ज्या हातांनी दार केलं त्याच हातांनी बुजवलं. तुमच्या रस्त्याला पाठ केली मी. कळलं?”

शिलाईवालीने पाण्याचा पेला पुढे केला. फूटपट्टीने हात जोडून नकार दिला.

“आमचं पाणीसुद्धा वॉर्डात बसत नाही वाटतं,” म्हातारा म्हणाला.

परत जाताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नियम तिने केला होता तो कुठलेही घर दोन वॉर्डांत नाचू नये म्हणून. प्रत्येक घराला एक, आणि एकच, धनी असावा म्हणून. आणि त्याच नियमाने हे घर दोन्ही वॉर्डांनी मिळून बाहेर ढकलले होते. शब्दाला शब्द लागत होता; हेतू मात्र रस्त्याखाली गाडला गेला होता.

विभागप्रमुख मनाने वाईट नव्हते. फक्त कोणतेही प्रकरण आपल्या टेबलावर निजू नये, एवढीच त्यांची इच्छा असे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हात झटकले.

“अहो, मग लिहून टाका ना, दार वरच्या रस्त्यावर उघडतं म्हणून! कोण बघायला जातंय? गरिबाचं काम होईल. दुवा मिळेल तुम्हाला.”

“दार उघडत नाही, साहेब. तिथे विटा आहेत.”

“तुमच्या डोळ्यांना दिसल्या. कागदाला कुठे डोळे असतात?”

“उद्या माझ्या जागी दुसरं कोणी येईल. तो बघेल. नळ तोडेल, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका त्या बाईवर बसेल, माझ्यावर नाही. शिवाय, आज मी दयेपोटी खोटं लिहिलं, तर उद्या पैशापोटी लिहिणाऱ्याचा हात कोणत्या तोंडाने धरू?”

“बरं, मग नामंजूर. नियम तुमच्या बाजूला आहे.”

“नामंजूरही नाही.”

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. “म्हणजे खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहून हाकलायचंही नाही. मग करायचं तरी काय, मॅडम?”

“जे लिहायचं आहे ते आधी खरं करायचं.”

संध्याकाळी घरी ती जेवताना गप्प होती. भावजयीने ताटात वाढता वाढता विचारले, “वन्सं, कोणाला शिक्षा द्यायचा विचार चाललाय?”

“एका दाराचा चाललाय.”

“दाराला शिक्षा?”

“दाराची सुटका,” ती म्हणाली, आणि स्वतःच किंचित हसली. भाऊ आणि भावजय यांनी एकमेकांकडे पाहिले, कारण ही घटना नोंद घेण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाची वेळ सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा मागच्या गल्लीतून आत शिरली. तिने दोघांसमोर सरळ मांडणी केली. विटा काढायच्या. रस्त्याचे पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा उंच बांधायचा, आणि आतल्या बाजूने खाली उतरायला पायऱ्या करायच्या. नुसते दार उघडून भागणार नाही. मागचे दार फक्त सांडपाण्याला आणि केराला. माणसांनी पुढून यायचे, पुढून जायचे. गिऱ्हाईकांनीसुद्धा.

“म्हणजे दाखवायला नाही,” शिलाईवाली म्हणाली.

“दाखवायला असेल तर मीच नामंजूर करीन. ते कलम मीच लिहिलंय.”

“मी तर आजपासून पुढून जाईन, ताई. मशीनही पुढं हलवते. उजेड तरी मिळेल.” तिने नकळत ‘मॅडम’चे ‘ताई’ केले होते. मग ती थबकली आणि खाटेकडे पाहू लागली.

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवले होते. “त्या विटांना कोणी हात लावायचा नाही.”

“मामंजी, अहो, पाण्याचा प्रश्न आहे.”

“मला कळतंय कशाचा प्रश्न आहे. माझ्यामुळं तुझा गुडघा जातोय, तेही कळतंय. पण ऐका, नगरपालिका. तुमच्या कागदावर काय लिहिलंय? ‘घरमालकाने दार बंद केले.’ हो की नाही?”

फूटपट्टीने मान हलवली. “हो. तसंच लिहिलंय.”

“मी नाही बंद केलं. तुमच्या रस्त्यानं केलं. मी नुसत्या विटा लावल्या. ते आधी लिहा. तुमच्या कागदावर, तुमच्या शिक्क्यानं. मग म्हणाल तर माझी भिंत पाडा.”

हट्टाला तिने आयुष्यात कमी लेखले नव्हते, कारण तिच्याकडेही तो भरपूर होता. शिवाय म्हाताऱ्याचे म्हणणे मोजून पाहिले तरी बरोबर भरत होते.

“लिहिते,” ती म्हणाली.

तिने अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य असे होते: ‘सदर घराचे मुख्य दार नगरपालिकेने रस्त्याची उंची वेळोवेळी वाढविल्यामुळे निरुपयोगी झाले, घरमालकाचा यात दोष नाही.’ विभागप्रमुखांनी ते वाक्य वाचले आणि अहवाल टेबलावर असा ठेवला, जणू तो गरम होता.

“हे काढा. बाकी सगळं ठीक आहे.”

“बाकी सगळं त्या वाक्यावर उभं आहे, साहेब.”

“अहो, हा आपणच आपल्याविरुद्ध दिलेला कबुलीजबाब आहे! उद्या त्या ओळीतलं प्रत्येक घर येऊन दारात उभं राहील.”

“राहू देत. त्यांना उभं राहायला दार तर हवं.”

“मी सही करणार नाही.”

“मग आधी बघून या. बघून आल्यावर केली नाहीत तर ‘प्रमुखांनी पाहिले, सही नाकारली’ असा शेरा मी माझ्या सहीने मारीन. त्यात खोटं काही नसेल.”

हे ती आवाज न चढवता म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा वरच्या रस्त्यापर्यंत जाणे सोपे, असा हिशेब विभागप्रमुखांनी मनाशी केला असावा. “चला,” ते म्हणाले.

इकडे आदल्या दिवशीच शिलाईवालीने म्हाताऱ्याला फूटपट्टीच्या सही-शिक्क्याची अहवालाची प्रत वाचून दाखवली होती. त्याने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग डोळे मिटून म्हणाला, “बोलव गवंडी. माझा जुना शागीर्द बोलव, दुसरा नको. आणि खाट वळवा माझी, मला दिसलं पाहिजे.” खाटेवरूनच त्याने काम चालवले. वीट कुठून सैल करायची, चौकटीला धक्का न लावता कशी काढायची, हे तो ओरडून सांगत होता. शागीर्दाने चौकट वर उचलण्याची गोष्ट काढली तेव्हा तो गरजला, “वर तुळई आहे, गाढवा! तिला हात लावलास तर माडी माझ्या गळ्यात येईल. आहे तेवढंच दार राहू दे. वाकून येतील लोक.”

विभागप्रमुख आले तेव्हा उंबरा बांधून झाला होता आणि आतल्या पायऱ्या ओल्या होत्या. ते अंगाने भरलेले, उंच, आणि वाकण्याची सवय नसलेले गृहस्थ होते. त्यांचे कपाळ चौकटीवर आपटले.

“आई गं!”

“सांभाळून, साहेब,” आतून म्हातारा म्हणाला. “तुमचाच रस्ता आहे तो.”

कपाळ चोळीत ते खाली उतरले. पुढच्या खोलीत दाराच्या उजेडात शिवणयंत्र मांडले होते. ते काही बोलणार एवढ्यात बाहेरून एक गिऱ्हाईक बाई कपड्यांचा गठ्ठा कवटाळून, सवयीने मागे जायला निघालेली, शिलाईवालीच्या हाकेने वळली, वाकली, आत आली, आणि “अगंबाई, तुझ्या घराला तोंड आलं की गं!” असे म्हणून मोकळी झाली. विभागप्रमुखांना हसू आवरले नाही. त्यांनी भिंतीवरची जुन्या पाण्याची रेघ पाहिली, खाटेवरच्या माणसाकडे पाहिले, आणि लेखणी मागितली. ते वाक्य तसेच राहिले. सही त्याच्या खाली पडली.

नळाची नळी आत आली. तरीही फूटपट्टीचे काम संपले नव्हते, हे तिला एकटीलाच कळले होते.

डांबराच्या दिवशी ठेकेदार यंत्र घेऊन आला तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध छत्री घेऊन उभी होती. पाऊस नव्हता, ऊन होते.

“मॅडम, बाजूला व्हा. गरम माल आहे.”

“जुना थर खरवडलात?”

“अहो, वेळ कुठे आहे? आणि एवढ्याशा थराने काय होतंय?”

“एवढ्याशा थरांनीच ते दार गिळलं,” तिने हात केला. “तुमच्या करारात लिहिलंय, जुना थर खरवडून मगच नवा. खरवडल्याचे पैसे तुम्ही लावलेत.”

ठेकेदाराने आवाज खाली आणला. “मॅडम, तुम्ही म्हणे त्या बाईसाठी नियम जरा मोठ्या मनाने वाचलात. सगळ्या रस्त्यावर चर्चा आहे. मग आमच्यासाठीही जरा मन मोठं करा की.”

“तिच्यासाठी मी नियमातलं एक अक्षर बदललं नाही,” ती म्हणाली. “तो ज्या कामासाठी केला होता त्या कामाला लावला. तुमचाही नियम त्याच कामासाठी आहे, दारं शाबूत राहावीत म्हणून. यंत्र मागे घ्या.”

ठेकेदाराने विभागप्रमुखांना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते कोणी ऐकले नाही. पण ठेकेदाराने फोन खिशात टाकताना “कपाळाला लागलंय म्हणे त्यांच्या” असे पुटपुटले. खरवडण्याचे यंत्र दुपारनंतर आले. रस्त्याचे एकावर एक बसलेले थर सुटू लागले, आणि ओळीतल्या घरांतली माणसे माडीवरून, मागच्या गल्ल्यांतून बाहेर येऊन पाहू लागली. काम पुरे होईपर्यंत ती तिथेच होती. मधूनमधून टेप लावी, आकडा घेई, आणि छत्री दुसऱ्या हातात घेई.

शेवटच्या टोकापर्यंत रस्ता झाला तेव्हा शिलाईवालीच्या उंबऱ्याबाहेर चौकटीचा जो भाग गाडला गेला होता त्यातली नक्षीची एक वेल वर आली होती. म्हाताऱ्याने सुनेला ती ओल्या फडक्याने पुसायला लावली.

नळाला पहिले पाणी आले ते गढूळ, मग स्वच्छ. शिलाईवालीने पेला विसळला, भरला, आणि वाकून दाराबाहेर आली.

“ताई, आता तरी घ्या. प्रकरण मिटलं ना आमचं?”

“तुमचं मिटलं,” फूटपट्टी म्हणाली. तिचे ओठ उन्हाने सुकले होते. पण तिची नजर शेजारच्या भिंतीवर गेली होती. तिथेही एक चौकट होती, अर्धी गाडलेली, विटांनी बुजवलेली. तिच्या पलीकडे आणखी एक. “ह्यांचं माझ्याकडे आहे. आणि पाणी तुमच्या नळाचं असलं तरी घरांची ओळ एकच आहे.”

“म्हणजे आम्ही तुम्हाला पाणी पाजायचं तरी कधी?”

आतून खाटेवरून आवाज आला, “ती निवृत्त झाल्यावर! तोवर मी जिवंत राहतो, सूनबाई, काळजी करू नकोस.”

फूटपट्टीने पिशवीतून स्वतःची बाटली काढली, उरलेले कोमट पाणी दोन घोटांत संपवले, आणि टेप हातात घेतली. कार्यालयात परतल्यावर तिला नियमात एक दुरुस्ती सुचवायची होती: सार्वजनिक कामामुळे बंद झालेले दार बंद झाले असे समजू नये. ती मंजूर व्हायला किती वर्षे लागतील याची तिला कल्पना होती. तोवर एकेक दार उघडणे भाग होते.

ती शेजारच्या भिंतीपाशी गेली, आणि कडीच नसल्यामुळे, बुजवलेल्या विटांवर बोटांनी टकटक केली.

“कोण आहे घरात?” तिने मोठ्याने विचारले. “नगरपालिका आलीय. मागून नको, इकडे पुढे या.”